यादीतली साखर

चि. सोनूस,


परवाचं तुझं बोलणं मनातून जात नाही. ‘आत्या, ग्राहक संघाची सभासद झाले खरी, पण दर महिन्याला यादी द्या, वाटपाला जा, एवढा वेळ कुठून काढू? डाळ तर दहा मिनिटांत दारात येते.’ येते, मान्य आहे. पण आमच्या संघाचं काय झालं ते ऐक.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. शेजारच्या घरांनी मिळून यादी आधी द्यायची, माल एकत्र घ्यायचा आणि एका सभासदाच्या घरी वाटून घ्यायचा, ही तिची रीत. ती बघून आमच्या चाळीतल्या चौदा घरांनीही आपल्यापुरता संघ काढला. वाटप आमच्याच बाहेरच्या खोलीत. पलंग भिंतीला उभा करायचा, जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर चौदा ढीग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. एकीने यादी वाचायची, दुसरीने पुडे ठेवायचे. शेवटी किलोभर साखर उरली की चौदाही ढीग पुन्हा मोजायचे! कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाला डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय, सगळं त्या यादीतून कळायचं.

मग एका दिवाळीत नाक्यावर साखर, रवा, तेल स्वस्त लागलं. एकेकीने यादीतून तेवढंच खोडलं. मीही खोडलं. संघाकडे उरलं काय, तर हिंग, मोहरी आणि पापडखार. साखरेचं पोतं भरेना, म्हणून घाऊक भाव मिळेना. भाव चढले तशी आणखी घरं गळली. भांडण झालं नाही, कोणी राजीनामाही दिला नाही. फाल्गुनात चादरीवर पाचच चिठ्ठ्या होत्या. ती चादर घडी करताना मला रडू आलं होतं.

याउलट, इंग्लंडमधल्या रॉचडेलला १८४४ साली २८ जणांनी पीठ, लोणी, साखर अशा चार-पाच जिनसांवर सहकारी दुकान उघडलं. भांडवल कितीही असो, मत प्रत्येकाला एकच. आणि नफ्याची वाटणी ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात. केवळ नावाला सभासद असणाऱ्याच्या हाती फारसं काही लागणार नाही, अशीच ती सोय होती. मला ती फार शहाणपणाची वाटते.

तेव्हा सगळा किराणा संघातूनच घे, असं मी म्हणत नाही. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा एवढ्या चार वस्तू तिथल्या, आणि त्या कधी खोडायच्या नाहीत. तांदळात खडे निघाले तर मुकाट्याने दुसरीकडे वळू नकोस. सभेत पुडा घेऊन जा आणि दाखव. पहिल्या वाटपाला तरी स्वतः जा. चिठ्ठ्या लिहायचं काम मागून घे, तुझं अक्षर चांगलं आहे.

यादी कधी द्यायची ते मला कळव, मी आदल्या दिवशी फोन करते. तोवर डाळीचा डबा उघडून किती उरलीय ते बघून ठेव.

तुझी,
आत्या