आगाऊ कर

'आगाऊ कर' या नावावरच माझा राग. आमच्या बीडकडं आगाऊ म्हणजे न विचारता मध्ये तोंड घालणारा. हा करही तसाच. वर्षाची मिळकत अजून हातात नाही, तोवर वाटा मागायला दारात उभा!

वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त निघणार असेल, तर १५ जूनपर्यंत त्यातले १५ टक्के भरायचे, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पुरे शंभर. ठोकळ अंदाजानं उत्पन्न दाखवणाऱ्यांना एकट्या १५ मार्चची सवलत असते. मी पडलो वह्या ठेवणारा वकील, म्हणून चारही तारखा माझ्या कपाळी. पक्षकारांसाठी पुढची तारीख मागण्यात माझी हयात गेली. इथं पुढची तारीख मिळत नाही, महिना एक टक्का व्याज तेवढं मिळतं.

डिसेंबरात मी हिशेब मांडला. कर ६०,००० धरला आणि चारही तारखा चुकवून मार्चअखेर भरला, तर व्याज ३,०३० रुपये.

"स्वस्त आहे की!" मी म्हणालो. "व्याज भरलं की पाप फिटलं."

सौभाग्यवती भांडी घासत होत्या. कामवाली दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. "अहो, तिनंसुद्धा आगाऊच घेतलेत पैसे, मुकादमाकडून. एक दिवस तापानं झोपली तर खाडा लागतो. तिला म्हणून बघा स्वस्त आहे!"

मी गप्प झालो. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी असे कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची ती हिवाळा-उन्हाळ्यातल्या घामानं. चुकवण्याची किंमत तिलाही आहे आणि मलाही. फरक इतकाच, की मला ती परवडते. परवडणाऱ्या दंडाला आपण दंड म्हणतच नाही, भाव म्हणतो. आणि एकदा भाव कळला की कर्तव्यसुद्धा भाजीसारखं घासाघीस करून घेतो. तिला तापातही पुढची तारीख नाही. मी धडधाकट, पैसे खात्यात, तरी तारीख मागतोय. आगाऊ कोण, कर की मी?

१५ तारखेला जूनपासून थकलेलं सगळं भरून टाकलं. मागचं व्याज लागणारच होतं. ते मात्र या खेपेला स्वस्त वाटलं नाही.

"भरला?" मोरीतून आवाज आला.

"भरला."

"मग या इकडं. ही भांडी विसळा. आज तुमचा खाडा नको."