चिठ्ठीत न निघालेली माणसे

औषधोपचाराचा खर्च सरकारने उचलला तर गरीब माणसाची प्रकृती सुधारते काय? प्रश्न वेडगळ वाटेल. पण माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात यॉर्क विद्यापीठात आरोग्याच्या अर्थशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा देत आहे, आणि त्याचे सारे वर्ष असल्याच प्रश्नांत चालले आहे. त्यातली अडचण माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तरालाही कळते. घरी असलेल्यांपेक्षा इस्पितळात माणसे अधिक मरतात. म्हणून इस्पितळ माणसे मारते असे कोणी म्हणत नाही. तसेच विम्याचे. कोणी दुखणाईत म्हणून विमा घेतो, कोणी सुखवस्तू म्हणून. मग विमेवाल्यांची बिनविम्यावाल्यांशी तुलना करून आपण विम्याचा गुण मोजतो, की माणसामाणसांतला मूळचाच फरक? एकच माणूस विमा घेऊन आणि न घेता असा दोनदा जगून दाखवील तरच उत्तर मिळायचे, आणि ते तर कोणालाच साधलेले नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००८ साली मात्र एक चमत्कारिक योग आला. गरीब प्रौढांच्या सरकारी विम्यात सुमारे १०,००० जागांपुरतेच पैसे होते आणि नावे आली ९०,००० च्या घरात. सरकारने सोडत काढली. चिठ्ठीला दुखणाईत कोण, धट्टाकट्टा कोण, काही कळत नाही; त्यामुळे नाव निघालेले आणि न निघालेले असे दोन सारखे समाज आपोआप तयार झाले. एमी फिंकेलस्टाइन, कॅथरिन बायकर आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांची मोजदाद केली. त्यातही एक खोच होती. नाव निघाल्यावर अर्ज भरायचा, उत्पन्न दाखवायचे. पुष्कळांना विमा मिळालाच नाही. प्रत्यक्ष विमा मिळालेल्यांचीच तुलना केली असती तर खटपटी माणसे पुन्हा वेगळी पडली असती. म्हणून त्यांनी नाव निघालेल्या सर्वांची न निघालेल्या सर्वांशी तुलना केली, आणि दिसेल तो फरक चिठ्ठीमुळे ज्यांना विमा लाभला त्यांच्या खाती मांडला.

हे सारे समजावून विद्यार्थी लिहितो, ‘सर, किती सुंदर प्रयोग!’

हा ‘सुंदर’ मला बोचतो. सोडत अन्यायाची होती असे माझे म्हणणे नाही. दोनच मुलांच्या फीपुरते पैसे असावेत आणि सात मुले सारखीच गरजू असावीत, तेव्हा चिठ्ठ्या टाकण्याइतकी सचोटीची रीत मला तरी ठाऊक नाही. अभ्यासकांनी कोणाचे औषध काढूनही घेतले नाही. जे व्हायचेच होते ते त्यांनी मोजले. न मोजते तर बाहेर राहिलेल्यांचे हाल तेवढेच राहिले असते आणि शहाणपणही पदरी पडले नसते. हे कबूल. पण कोणीतरी बाहेर राहिल्याखेरीज तुलना होत नाही, हे ज्याच्या अंगी मुरले, तो उद्या सरकारचा सल्लागार झाल्यावर ‘अजून काही दिवस निम्म्यांनाच द्या, म्हणजे नीट कळेल’ असे म्हणणार नाही कशावरून? औषध लागू पडते की नाही हेच ठाऊक नसेल तर तसे म्हणणे योग्यही ठरेल. ठाऊक असून म्हणणे निराळे.

२०१३ साली निष्कर्ष आले. सुमारे दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातील साखर यांत ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. खिन्नतेचा विकार मात्र कमी झाला, आणि औषधपाण्यापायी घर बुडण्याची वेळ जवळजवळ कोणावर येईनाशी झाली. विम्याच्या विरोधकांना लगेच जोर चढला: पैसे पाण्यात गेले! फरक सिद्ध झाला नाही म्हणजे फरक नाही असे नव्हे, हे मी सातवीच्या वर्गालाही समजावू शकेन. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. दंडाला पट्टा बांधून मोजता येतो तो रक्तदाब तेवढा खरा, आणि देणेकऱ्याची रात्रीची झोप परत आली ती जमेस धरायची नाही, हा निवाडा गणिताने दिलेला नाही. गणित मांडण्यापूर्वीच कोणीतरी तो देऊन बसलेला असतो, आणि तो कोणी दिला हे मागाहून विचारायचे राहून जाते.

उन्हाळ्यात त्याला प्रबंध लिहावयाचा आहे. ‘आरोग्य’ या रकान्यात तू काय काय धरणार आहेस, एवढेच मी त्याला विचारले आहे.