न दिसणारी झीज

जो तक्रार करीत नाही त्याला काही उणे नाही, असे धरून चालण्याची आपणां सर्वांना सवय आहे. सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या मागून जेवणारी आई, दिलेले काम मुकाट्याने करणारा गडी, वर्गात कधी त्रास न देणारे मूल यांना आपण ‘सोशिक’ म्हणतो आणि निश्चिंत होतो. ही निश्चिंतता नीतीला धरून आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना आपल्या देहाची रचना पाहावी, असे आम्हांस वाटते.

ग्वाल्हेरास मे महिन्यात ४२ अंश सेल्सिअस उष्मा असो की जानेवारीच्या रात्री ५ अंश थंडी असो, निरोगी माणसाच्या शरीरातील उष्णता ३७ अंशांच्या आसपासच राहते. रक्तातील पाणी, मीठ, साखर यांचे प्रमाणही ठरलेल्या मर्यादेत राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉड बर्नार्ड (१८१३–१८७८) यांनी या आतल्या स्थैर्याचे महत्त्व दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले.

परंतु हे स्थैर्य फुकट मिळत नाही. उन्हात खडी फोडणाऱ्या मजुराच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. उष्णता आटोक्यात राहते, पण तीपायी पाणी व मीठ खर्ची पडते. मग मूत्रपिंडे उरलेले पाणी राखून ठेवतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जलद चालू लागते. बाहेरून मात्र माणूस ठीक दिसतो.

रक्तस्रावाचेही तसेच आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातले पाऊण लिटर गेले तरी रक्तदाब बहुधा घसरत नाही. लहान मुलांचे शरीर तर याहूनही अधिक सावरून धरते, आणि शिल्लक संपली की रक्तदाब एकाएकी कोसळतो. म्हणून जाणता डॉक्टर केवळ रक्तदाबावर विसंबत नाही. तो नाडी मोजतो, हातपाय गार पडले आहेत काय हे पाहतो, लघवी किती झाली ते विचारतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थिर दिसणे हा गरज नसल्याचा पुरावा नव्हे. कित्येकदा मोठी झीज चालू असतानाच माणूस स्थिर दिसतो.

कोणी म्हणतील, सहनशीलता हा सद्गुण आहे, त्याला नावे का ठेवता? आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. पण तो सोसणाऱ्याचा गुण आहे. पाहणाऱ्याला त्यामुळे आपल्या कर्तव्यातून सूट मिळत नाही. दुसरे कोणी म्हणतील, न सांगता आम्हांला कळावे कसे? डॉक्टरला कळते तसे. रोगी बोलेपर्यंत तो थांबत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातील दंगेखोर मुलाकडे आपले लक्ष आपोआप जाते. या आठवड्यात सर्वांत शांत मुलाजवळ पाच मिनिटे बसा आणि सकाळी काय खाल्ले ते विचारा. आणि आपण सर्वांनी आज घरी गेल्यावर, जी कधी काही मागत नाही तिला आधी जेवायला बसवावे.