रक्ताचे नाते, शब्दाचे नाते

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

काही दिवसांपूर्वी एक तरुण मला भेटायला आला. नावगाव सांगत नाही. वडिलांची शवपेटी उचलताना पुतण्यांनीच त्याला पुढे केले होते, "तू मुलगा, तू पुढे हो." महिन्याची मिस्सा झाली आणि वाडीचा विषय निघाला. तेव्हा तेच पुतणे म्हणाले, "तू काही रक्ताचा नव्हेस." त्याने मला एवढेच विचारले, "फादर, मग मी त्यांचा कोण?"

आधी कायदा पाहू. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे, तो आपल्याला लागू नाही. त्यामुळे पुष्कळ ख्रिस्ती दांपत्यांनी १८९० च्या कायद्याखाली कोर्टातून मुलाचे फक्त पालकत्व घेतले. हे पालकत्व मूल सज्ञान होताच संपते आणि त्यातून आपोआप वारसा मिळत नाही. पुढे बाल न्याय कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि २०१५ साली नवा कायदा आला. आता कोणत्याही धर्माच्या दांपत्याला त्याखाली रीतसर दत्तक घेता येते. दत्तक आदेशाच्या दिवसापासून ते मूल सर्व बाबतींत, वारशातही, त्यांचेच ठरते. आपल्या ख्रिस्तसभेचा ११० वा कॅनन हेच सांगतो: नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल होय.

या तरुणाच्या घरी मात्र फक्त पालकत्वाचा जुना कागद आहे, मृत्युपत्र नाही. कोर्टात काय होईल ते वकील सांगतील. माझा प्रश्न वेगळा आहे: कायद्याने मिळू शकते म्हणून घेणे न्याय्य ठरते काय?

पुतण्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. आजोबांनी घाम गाळून केलेली वाडी घराण्यातच राहावी असे वाटण्यात गैर काही नाही. पण घराणे म्हणजे केवळ रक्त काय? नवऱ्यामागे पत्नी आणि मुले असली, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा पत्नीला एक तृतीयांश वाटा देतो. ती कुठे रक्ताची असते? वेदीसमोर दिलेल्या एका वचनाने ती त्या घरची झाली. म्हणजे प्रत्येक घराची सुरुवात रक्ताने नव्हे, शब्दाने होते. मग लेकराला दिलेला शब्द कमी प्रतीचा कसा?

उलट तो अधिक बांधणारा आहे. नवरा-बायको एकमेकांना निवडतात. तान्ह्या मुलाला कोणी विचारत नाही. 'आम्ही तुझे आईबाप' या शब्दावर विसंबून ते सारे आयुष्य उभारते. शब्द देणारे आता बोलू शकत नाहीत, म्हणून तो पाळण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांवर येते. ज्याला खांदा द्यायला पुढे केले, त्याला वाटणीच्या वेळी मागे सारणे म्हणजे मृताचा शब्द मोडणे होय.

आपली श्रद्धा तरी दुसरे काय सांगते? मत्तयने प्रभू येशूची वंशावळ योसेफापर्यंत आणून दाविदाच्या घराण्याशी जोडली. योसेफाचे रक्त येशूमध्ये नव्हते, तरी ते घराणे त्याचे झाले. रोमन कायद्यात दत्तक पुत्र पूर्ण वारस असे. रोमकरांना लिहिताना संत पौलाने तोच शब्द आपल्यासाठी वापरला: आपण देवाचे दत्तक पुत्र, म्हणून वारस. स्वर्गाचा वारसा दत्तकपणाने घ्यायचा आणि वाडीचा वारसा दत्तकाला नाकारायचा, हे एका तोंडाने कसे बोलणार?

शेवटी एक व्यवहाराची विनंती. ज्यांनी मूल घेतले आहे त्यांनी कागद तपासून पाहावेत. दत्तक आदेश नसेल, फक्त पालकत्व असेल किंवा नातलगाचे मूल नुसते वाढवले असेल, तर आजच वकिलाला भेटा आणि दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. तुमच्या लेकराला तुमच्या मागे कोणाच्याही दारात 'मी कोण?' असे विचारावे लागू नये.

त्या तरुणाला मी आपली स्नानसंस्काराची नोंदवही उघडून दाखवली. आईबापाच्या रकान्यात त्या दोघांचीच नावे आहेत. पुतण्यांनीही ती येऊन पाहावी, अशी माझी प्रार्थना आहे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू