ओळख चोरणे

ब्राउझर कोणतेही पान मागताना आपली ओळख सांगणारी एक ओळ सर्व्हरकडे धाडतो. तिला 'यूजर एजंट' म्हणतात; ब्राउझर कोणता, आवृत्ती कितवी, विंडोज की लिनक्स, हे तिच्यात असते. ही ओळ बदलता येते. अंधेरीतील एखाद्या लिनक्स वापरणाऱ्याने फायरफॉक्समध्ये 'जनरल.यूजरएजंट.ओव्हरराइड' ही एक नोंद केली, की दारावरचा सर्व्हर त्याला विंडोजवाला समजून आत घेतो. इंटरनेट एक्सप्लोररवाचून न उघडणारी सरकारी आणि बँकांची संकेतस्थळे आपल्याकडे पुष्कळ होती, तेव्हा ही युक्ती अनेकांच्या कामी आली. (आतली यंत्रणाच विंडोजची असली, तर नुसत्या नावाने काम होत नसे, हा भाग वेगळा.) हे खोटे बोलणे आहे काय?

या ओळीचा इतिहासच सोंगांचा आहे. नेटस्केप स्वतःला 'मोझिला' म्हणवीत असे व काही सर्व्हर चौकटींची पाने मोझिलालाच देत. म्हणून 1995 मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररनेही 'मोझिला' हे नाव लावले आणि कंसात 'कंपॅटिबल' असे पुटपुटले. युधिष्ठिराने हत्तीचा उल्लेख हळू आवाजात केला, तसे. सफारी, क्रोम त्याच वाटेने गेले. आजही बहुतेक ब्राउझरांची ओळ 'मोझिला/5.0' पासूनच सुरू होते. 2014 च्या एचटीटीपी मानकाने तर असे सोंग गृहीतच धरले आहे: घेतलेल्या नावाला साजेसे उत्तरच मागणाऱ्याला हवे आहे, असे समजावे. जेथे सत्याची अपेक्षाच उरलेली नाही, तेथे असत्याचा आरोप टिकत नाही. परंतु प्रश्न एवढ्याने मिटत नाही.

दाराशी आधी नाव विचारले जाणे मुंबईच्या उपनगरांना अपरिचित नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडमध्ये एका स्त्रीला ती मराठी आहे म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा त्याची जाहीर चर्चा झाली. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेत तर आसऱ्यासाठी जात दडवणाऱ्या नायकाला ती उघडकीस येताच मार खावा लागतो. यंत्राच्या सोंगाची आणि या यातनेची तुलना अर्थातच विषम आहे. लिनक्सवाल्याला कोणी मारीत नाही. तरीही बागुलांचे क्रियापद विचारात घेण्याजोगे आहे. जेरी पिंटो यांच्या 2018 च्या इंग्रजी अनुवादात 'हिड', म्हणजे 'लपवली', असे झाले. मराठीत मात्र 'चोरली' आहे. अंग चोरणे, नजर चोरणे या प्रयोगांत माणूस आपलीच वस्तू चोरतो. मग ती चोरी कोणाची?

द्वारपालाची नव्हे. ज्याला विचारण्याचा अधिकारच नाही, त्याला खरे उत्तर देण्याचे ऋण नाही. खुन्यालाही खरेच सांगावे असे 1797 मध्ये लिहिणाऱ्या कांटचे मत येथे स्वीकारणे कठीण आहे. चोरी होते ती सजातीयांची. विंडोजचे नाव लावून आत गेलेला प्रत्येकजण सर्व्हरच्या नोंदवहीत विंडोजचाच एक आकडा वाढवतो. पुढे लिनक्ससाठी दार रुंद करावे अशी मागणी झाली, की व्यवस्थापक तीच वही दाखवतात: या वाटेने लिनक्सवाले येतातच कोठे? बागुलांच्या कथेतला काशीनाथ जात दडवीत नाही, भांडण ओढवून घेतो, आणि नायकाला तो प्रथम अविचारी वाटतो.