दुसरा छाप

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. वितळवून नवी नाणी पाडता आली असती. घाई असेल, काटकसर असेल, मिजासही असेल, जुन्यावरच ठोकली. त्यामुळे नव्या डोंगराखालून नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून डोकावतात.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत हेच दगडात दिसते. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपली दाने सांगतो. भिक्षूंच्या चीवरांसाठी त्याने दोन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. (ठेवीची पावती डोंगरावर कोरण्याइतका विश्वास आज कोणत्या पतसंस्थेवर ठेवावा?) तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचा निर्वंश केल्याचे अभिमानाने नोंदवते. तरी दहाव्यातला लेख कोणी खरवडला नाही. उलट तिसरे लेणे दहाव्याच्याच धर्तीवर खोदले. खुद्द गौतमीपुत्राने भिक्षूंना शेत दिले, तेव्हा ते आधी उषवदाताकडे होते हेही कोरून ठेवले.

नव्याखाली जुने दिसत राहावे, इतिहासाच्या संग्रहालयाकडून मला एवढीच अपेक्षा आहे. नव्या इमारतीला माझा विरोध नाही. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय १९४९ मध्ये राष्ट्रपती भवनात सुरू झाले आणि १९६० मध्ये गणेश भिकाजी देवळालीकरांनी आखलेल्या वास्तूत गेले. आता ते ब्रिटिश वास्तुविशारद हर्बर्ट बेकरच्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये हलवण्याची योजना आहे. राज्यकर्त्यांच्या कचेऱ्यांत इतिहास मांडायचा, म्हणजे हाही दुसरा छापच. तिथे साहेबाच्या कचेरीच्या खुणा दिसू देणार की नव्या झगमगाटाखाली बुजवणार, यावर त्या संग्रहालयाची किंमत ठरेल. हल्ली संग्रहालयाच्या दालनात शिरताच पडदे आणि प्रकाशझोत अंगावर येतात, आणि मूळ वस्तू कोपऱ्यात काचेआड अवघडून बसते. अशी वास्तू मला फोल वाटते.

नाशिकजवळ याच्या उलट उदाहरण आहे. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या संग्रहालयाचा दिमाख नाण्यांत आणि अभ्यासात आहे, भिंतींत नाही.

पालिकेने किंवा शासनाने उद्या नाशिकच्या इतिहासासाठी नवी वास्तू बांधायला घेतली, तर वास्तुविशारद नेमण्याआधी नाणी आणि लेख वाचणारी माणसे नेमावीत. आणि पहिल्या दालनात नहपानाचे एक मूळ नाणे व एक पुन्हा ठोकलेले नाणे शेजारीशेजारी ठेवावे, चांगल्या भिंगासह.