चवदार तळ्याची फेरी

सकाळी सहाच्या सुमारास महाडात चवदार तळ्यावर माणसं चालायला येतात. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी धाडलेले, नोकरीतून निवृत्त झालेले, दुकानाचं शटर वर करण्याआधी अर्धा तास स्वतःसाठी काढणारे. कुणी भरभर चालतं, कुणी दोन फेऱ्या मारून पायरीवर टेकतं. पाण्यावरून वारा येतो, गप्पा रंगतात. इथं येताना कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही, कुणी नाव-गाव विचारत नाही. ही सहजता मला फार मोलाची वाटते, आणि ती कशी आली हे रोज चालणाऱ्याने तरी विसरू नये असंही वाटतं.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही 1924 च्या जानेवारीत आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं. तरी पुढची तीन वर्षं ज्यांच्यासाठी तळं खुलं केलं, त्यांतलं कुणी तिथं फिरकू शकलं नाही. 19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली, तेव्हा परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात भरलेलं तळं, तेही ठरावाने खुलं, आणि लांबलांबच्या गावांतून चालत आलेल्या माणसांना पाणी विकतचं. नुसत्या ठरावाची किंमत किती, हे त्या चाळीस रुपयांवरून कळतं.

20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंडपातून निघाले, त्यांच्यामागे हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं, मग इतरांनी. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांना रस्त्यात गाठून मारहाण झाली. कित्येकांना मुसलमान कुटुंबांनी घरात आसरा दिला. पुढे एकशे आठ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. या वेळी मंडपाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. त्याआधीच दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता, म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब ठेवला. पण आलेली माणसं तशीच माघारी गेली नाहीत. त्यांनी मिरवणूक काढली, तळ्यापर्यंत गेली, पाण्याला हात न लावता तळ्याला वळसा घालून परतली. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला आपण इथं आलो आहोत, असं बाबासाहेबांनी तेव्हा सांगितलं होतं. चवदार तळ्याभोवतीची ती फेरी मला सर्वांत मोठी वाटते. समोर पाणी, मागे मार्चमधल्या मारहाणीची आठवण, आणि तरीही शिस्तीने चाललेले पाय. तळ्याचा हा खटला पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. बंदीची रूढी अनादि काळापासूनची आहे हे बंदी मागणाऱ्या वादींना सिद्ध करता आलं नाही आणि 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

आता महाडजवळच्याच आमच्या सव गावाकडे या. सावित्रीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी लोक या गावाला ओळखतात. सांधे धरलेली, कातडीच्या तक्रारी असलेली माणसं इथं अंघोळीला येतात. पळायला मात्र डांबरी रस्ता हीच जागा. पहाटे पोरं पोलीस भरतीचं ग्राउंड मारत असतात. मुलग्यांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. त्यांच्यात एक मुलगी आहे. भावाचा जुना टी-शर्ट, कमरेला घट्ट बांधलेली ओढणी. एका मोरीपासून निघते, भाऊ मोबाइलवर वेळ लावून मोटारसायकलवरून मागे येतो. मधे चहाची टपरी आहे. टपरी जवळ आली की ती पळायची थांबते, मान खाली घालून चालू लागते, टपरी मागे पडली की पुन्हा पळते. तिचं टायमिंग तिथंच मोडतं. टपरीवर बसलेले कुणी शिटी मारत नाहीत, वाईट बोलत नाहीत. नुसते बघतात, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतात.

रस्ता तिलाही खुलाच आहे. तिला कुणी अडवलेलं नाही. पण तीन वर्षं तळंही असंच खुलं होतं. 1927 चा तो अपमान आणि हा संकोच एका मापाचे नाहीत, तसं म्हणणं त्या माणसांच्या सोसण्याला कमी लेखणं होईल. तरी ‘आम्ही कुठं कुणाला अडवतो?’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्याला ते खरंही वाटत असतं, हे मला अस्वस्थ करतं. सार्वजनिक जागा पाटी लावून सार्वजनिक होत नाही. तिथं आधीपासून बसलेले कसे वागतात, यावर नवं येणारं माणूस उद्या पुन्हा येईल की नाही ते ठरतं.

तळ्यावरही हे लागू आहे. पहाटे झाडलोट करून थकलेली बाई पायरीवर घटकाभर टेकली, तर आपण जरा सरकून बसतो का? चारजण हातात हात घालून वाट अडवून चालतो, तेव्हा मागून काठी टेकत येणाऱ्याला जागा देतो का? या छोट्या गोष्टी आहेत, पण जागा कुणाची हे रोज सकाळी त्यांच्यावरूनच ठरतं.

म्हणून टपरीवरच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या ती मुलगी पळत आली की आपल्या चहाकडे, पेपराकडे बघा. तिची भरती जवळ आली आहे. तिला आठशे मीटर सलग पळू द्या.